धोंड्याचं कपाट

मी "कपाट" म्हणालो, एवढाच माझा गुन्हा.

तेही विचार करून म्हणालो नव्हतो. सासरेबुवांनी विचारलं, "जावईबापू, अधिकाचं वाण म्हणून तुम्हाला काय देऊ?" आणि ते माझ्या तोंडाकडे टक लावून बसले. कोणी असं टक लावून बघितलं की मला काहीतरी बोलावंच लागतं, नाहीतर घाम फुटतो. "काही नको" हे माझं सकाळपासून दोनदा म्हणून झालं होतं. सासरेबुवा वकील आहेत. तेच उत्तर तिसऱ्यांदा आलं की त्यांना साक्षीदार पढवलेला वाटतो. माझी नजर इकडेतिकडे फिरली आणि खुर्चीवरच्या कपड्यांच्या ढिगावर थांबली. (जर्मनीत भाड्याचं घर म्हणजे चार भिंती. आम्ही राहायला आलो तेव्हा स्वयंपाकघरात ओटासुद्धा नव्हता, नुसते नळाचे दोन पाइप भिंतीतून डोकावत होते.)

"कपाट," मी म्हणालो.

माझ्या मनात दोन फळ्यांचं, कोपऱ्यात अंग चोरून उभं राहणारं कपाट होतं. साधारण माझ्यासारखं. सासरेबुवांच्या मनात मात्र जावयाला शोभेल असं कपाट उभं राहिलं.

आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. माझी बायको ईप्सिता कार्ल्सरूहेच्या विद्यापीठात पीएच.डी. करते. मी नववीत शाळा सोडली आणि सांगलीला तिच्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये चहा द्यायचो. लग्नाचं तिनेच विचारलं. (माझ्यावर सोडलं असतं तर मी अजून तिला जास्त साखरेचा चहा देत बसलो असतो.) हल्ली मी इथल्या एका मोठ्या खाणावळीत भांडी धुण्याच्या यंत्रापाशी उभा असतो. म्हणजे तसं पाहिलं तर क्षेत्र बदललेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी मी मागणी घालायला गेलो तेव्हा भास्करराव, म्हणजे सासरेबुवा, झोपाळ्यावर बसले होते.

"शिक्षण?" त्यांनी विचारलं.

"नववी," मी म्हणालो. "नापास."

ते बराच वेळ झोके घेत राहिले. मग आतल्या खोलीकडे बघून म्हणाले, "निदान साक्षीदार म्हणून चांगला आहे."

एवढ्यावर लग्न झालं. पण ते वाक्य मला तीन वर्षं टोचत होतं. त्या उन्हाळ्यात, म्हणजे दोन हजार पंधरा साली, सासूसासरे पहिल्यांदाच आमच्याकडे आले तेव्हा माझी एकच इच्छा होती. परत जाताना सासरेबुवांनी एकदा तोंडाने म्हणावं, की पोरगी चुकली नाही. बस्स.

त्यात त्या वर्षी अधिक आषाढ. सासूबाई येतानाच अनारशाचं पीठ, चांदीचं निरांजन आणि एक नियम घेऊन आल्या होत्या. "अधिकात जावई म्हणजे साक्षात नारायण," त्यांनी विमानतळावरच ईप्सिताला बजावलं. "त्याला काही कमी पडू द्यायचं नाही. त्याचं काही चुकलं तरी महिनाभर पोटात ठेवायचं. अधिक संपला की मग बघू."

(शेवटच्या वाक्याकडे मी तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं.)

तर मी कपाट म्हणालो तशी ईप्सिताने लगेच कंप्युटरवर जुन्या कपाटांच्या जाहिराती काढल्या आणि वडिलांना वाचून दाखवायला लागली. प्रत्येक जाहिरातीच्या शेवटी तेच: खासगी विक्री, हमी नाही, परत घेणार नाही.

"सगळेच असं का लिहितात?" सासरेबुवांनी विचारलं.

"इथे पद्धतच आहे, बाबा. माल खराब निघाला तर आपलं नशीब."

"अगं, गुन्हा घडायच्या आधीच हात वर? आणि नशिबावर हवाला ठेवून मी जावयाचं वाण घेऊ?"

"माझ्या लॅबमध्ये एक फ्रेंच मुलगी आहे," ईप्सिता सहज म्हणाली. "ती सांगते, त्यांच्याकडे विकणाऱ्यावर छुप्या दोषाची जबाबदारी असते. असं लिहून आधीच हात वर केले नसतील तर, त्याला स्वतःला दोष माहीत नसला तरी."

सासरेबुवांनी चहाचा कप खाली ठेवला. "माहीत नसला तरी?"

"हो. आणि माहीत असून लपवला, तर वर नुकसानभरपाई."

चाळीस वर्षं सांगलीच्या कोर्टात घालवलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असा उजेड मी कधी पाहिला नव्हता. "वा," ते म्हणाले. "कुठे आहे हे फ्रान्स?"

"अर्ध्या तासावर."

शनिवारी ईप्सिताने भाड्याची व्हॅन आणली. पुढे तीनच माणसं मावत असल्याने सासूबाई घरी राहिल्या. सासरेबुवा मधे बसले, पासपोर्ट सदऱ्याच्या वरच्या खिशात, पटकन हाताशी येईल असा. र्‍हाइन नदी गेली, मक्याची शेतं गेली, आणि एका पेट्रोल पंपावर ईप्सिता म्हणाली, "आलं फ्रान्स."

"केव्हा?"

"मघाशीच."

कोणी पासपोर्ट न विचारल्याचं त्यांना इतकं वाईट वाटलं, की पंपावरच्या मुलाला त्यांनी तो स्वतःहून दाखवला.

त्या खेड्यात मादाम ओबेर्ले नावाच्या म्हाताऱ्या बाई घर आवरून मुलीकडे राहायला चालल्या होत्या. त्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांची बोली जर्मनसारखीच असते, त्यामुळे ईप्सिताला त्यांच्याशी बोलता येत होतं. कपाट थंडगार दगडी कोठारात उभं होतं. काळपट ओकचं लाकूड, दारांवर कोरलेले द्राक्षांचे घोस, खाली पेटाऱ्याएवढा खोल खण. सासरेबुवांनी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, बुक्की मारून आवाज ऐकला, बिजागरीची उलटतपासणी घेतली आणि चिमूटभर तपकीर नाकात कोंबली. "खानदानी आहे," ते म्हणाले.

इतक्यात बाहेर एका ट्रॅक्टरवाल्याने भोंगा वाजवला. आमच्या व्हॅनने त्याची वाट अडवली होती. ईप्सिता धावत गेली. सासरेबुवा वकिलाच्या नात्याने तिच्या मागोमाग गेले. कोठारात मी आणि मादाम ओबेर्ले उरलो.

इथे माझ्या जर्मनबद्दल सांगतो. ते दोन शब्दांवर चालतं: जा आणि गेनाऊ. जा म्हणजे हो, गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. समोरचा कितीही बोलू दे, मधून मधून हे दोन टाकले की तो खूश होतो. आपल्याला काही समजलेलं नाही, हे सांगण्याची लाज वाचते. (खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ ब्राउनर एकदा जिन्यात माझ्याशी बराच वेळ बोलल्या. मी भरपूर गेनाऊ दिले. तेव्हापासून त्यांच्या वाट्याचा जिना मी पुसतो.)

मादाम ओबेर्लेंनी माझा दंड धरला, खालचा खण ओढून उघडला, आत बोट दाखवलं. मग वर आभाळाकडे बोट केलं, एप्रनने स्वतःला वारा घातला आणि हसत हसत कितीतरी वेळ बोलल्या. यंदा उन्हाळा फार आहे, असं म्हणत असाव्यात.

"जा, जा," मी म्हणालो.

त्यांनी गंभीर होऊन काहीतरी विचारलं.

"गेनाऊ," मी म्हणालो.

त्यांनी माझा गाल थोपटला आणि पावाच्या तुकड्यावर काहीतरी ठेवून मला भरवलं. काय होतं ते सांगता येणार नाही. इथे जूनमध्ये गवताचा पराग हवेत सुटला की माझं नाक गच्च बंद होतं, ते ऑगस्टपर्यंत. खारट होतं, एवढं आठवतं.

अशा रीतीने कपाट घरी आलं. दुसऱ्या मजल्यावर ते कसं चढवलं हे माझ्या पाठीला विचारा. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं. वरच्या फळीवर ईप्सिताची लग्नातली पैठणी, मधे सासरेबुवांचं सोवळं, आणि खालच्या खोल खणात, गार राहतील म्हणून, धोंड्याच्या जेवणासाठी तळलेल्या अनारशांचा डबा.

आणि मग ऊन पडलं.

कार्ल्सरूहे तापतं. त्या जुलैत तर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. पुढे काय झालं हे मी सांगतोय ते सगळं ऐकीव आहे, कारण माझं नाक बंद होतं. ईप्सिताच्या म्हणण्याप्रमाणे, कोणीतरी ओला मोजा दह्यात बुडवून उशीखाली विसरावा, तसा वास घरात फिरायला लागला.

मला दिसल्या त्या फक्त खुणा. सासूबाई दिवसातून चारदा उदबत्ती लावायला लागल्या. सासरेबुवांची खुर्ची रोज थोडी थोडी खिडकीकडे सरकायला लागली आणि तपकिरीची डबी लवकर संपायला लागली. फ्राऊ ब्राउनर जिन्यात भेटल्या, हातवारे करून "ल्युफ्टन, ल्युफ्टन" म्हणाल्या, म्हणजे खिडक्या उघडा. मी गेनाऊ म्हणालो.

एकदा मी कामावरून आलो तेव्हा ईप्सिताने विचारलं, "श्रीरंग, मोजे बदललेस ना रे?"

"हो."

"रोज बदलतोस?"

"हो. का गं?"

"काही नाही. सहज."

माझ्या बायकोने सहज विचारलेलं काहीही सहज नसतं. त्याच संध्याकाळी मी पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरातून सासूबाईंचा दबका आवाज आला. "अगं, बोलू नकोस त्यांना काही. दिवसभर त्या ओल्यात उभे असतात बिचारे, पायांना वास येणारच. आणि अधिक चालू आहे. नारायण आहेत ते."

मी पाणी न पिताच परत गेलो.

तुम्हीच विचार करा. ज्यांच्या तोंडून एक चांगलं वाक्य ऐकायची इच्छा, ते लोक माझ्या पायांमुळे खिडकीला नाक लावून बसलेले, आणि मी देव असल्यामुळे कोणी बोलायला तयार नाही. त्या दिवसापासून मी पायांच्या मागे लागलो. मिठाच्या कोमट पाण्यात पाय, लिंबू चोळून पाय, कडुनिंबाचा साबण लावून पाय. जेवताना मी पाटावर मांडी घालून, पायांवर पंचा टाकून बसायचो. टीव्ही बघताना बाल्कनीत बसून पाय कठड्याच्या बाहेर सोडायचो. (समोरच्या इमारतीतलं एक लहान पोर माझ्या पायांना हात करायचं. तेवढा एक मित्र झाला.)

शेवटी धोंड्याच्या जेवणाचा दिवस उजाडला. सासूबाईंनी मला सकाळी तेल लावून, उटणं चोळून नहाऊ घातलं. म्हणजे पाठीला आणि डोक्याला त्यांनी, पायांना मी, दोनदा. इतका स्वच्छ मी जन्मल्या दिवशीसुद्धा नसेन. पुरणाचे धोंडे वाफाळत होते. मी पाटावर बसलो, ईप्सिता शेजारी. सासूबाई अनारसे आणायला कपाटापाशी गेल्या आणि त्यांनी खालचा खण ओढला.

तपकिरीने बधिर झालेले सासरेबुवासुद्धा शिंकले.

सासूबाईंनी पदर नाकाला लावला. मग माझ्याकडे बघितलं. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतो, उटण्याने घमघमत. त्यांनी डब्यातला एक अनारसा हुंगला. वरच्या फळीवरची पैठणी काढली, तीही हुंगली. आणि एकदम त्यांचा चेहरा खुलला.

"अहो, हे जावयाचं नाही," त्या सासरेबुवांना म्हणाल्या. "हे कपाटाचं आहे."

अनारसे गेले, पैठणीला वास लागला, आणि त्या बाई आनंदाने हसत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (पराग होताच, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही.)

सासरेबुवा पानावरून उठले. हात न धुताच खणापाशी उकिडवे बसले, आतल्या लाकडावर बोट फिरवलं. "छुपा दोष," ते इतक्या प्रेमाने म्हणाले, की माझ्या लग्नातसुद्धा त्यांचा आवाज असा भरून आला नव्हता.

त्यांना त्याच दिवशी कपाट घेऊन फ्रान्सला निघायचं होतं, पण सासूबाईंनी अडवलं. अधिकात दिलेलं वाण अधिकात परत करायचं नाही. मग महिना संपेपर्यंत पैठणी बाल्कनीत वाळत राहिली आणि सासरेबुवा घरात फेऱ्या मारत युक्तिवाद पाठ करत राहिले. ईप्सिताकडून त्यांनी तो फ्रेंच कायदा इंग्रजीत वाचून घेतला होता.

"ऐका, जावईबापू," ते मला बाल्कनीत गाठून सांगायचे. "वास आपल्याकडे येऊन लागलेला नाही, मुळात लाकडात होता. बरोबर? बघून कळण्यासारखा नव्हता. कपाट कपड्यांसाठी घेतलं आणि कपडेच ठेवता येत नाहीत. आणि दोष लक्षात आल्यापासून दोन वर्षांची मुदत. कुठे फट आहे का?"

"नाही, बाबा."

"तुम्ही माझे साक्षीदार. फक्त खरं बोलायचं."

अधिक संपल्यावरच्या शनिवारी आम्ही कपाट पुन्हा व्हॅनमध्ये चढवलं. ओझं उचलायचं म्हणून मी कामावरचे जाड बूट घातले. मादाम ओबेर्लेंनी आम्हाला ओळखलं, कॉफी ठेवली, आणि सासरेबुवा अंगणात उभे राहून मराठी आणि इंग्रजीत बोलायला लागले. ईप्सिता जमेल तेवढं जर्मनमध्ये सांगत होती. लाकडात मुरलेला वास, लग्नातली पैठणी, जावयाचा मानसन्मान, सगळं आलं. शेवटी ते म्हणाले, "बाईंना विचार, हा दोष त्यांना माहीत होता का?"

ईप्सिताने विचारलं. मादाम ओबेर्लेंनी शांतपणे मान डोलावली. माहीत होता.

सासरेबुवांनी माझ्याकडे विजयाने बघितलं. "माहीत असून लपवला. लिहून घे, ईप्सिता."

"लपवला नाही म्हणतायत त्या," ईप्सिता म्हणाली. तिचा आवाज जरा बदलला होता.

मादाम ओबेर्लेंनी कप खाली ठेवला. त्या व्हॅनपाशी गेल्या, कपाटाचा खालचा खण ओढला, आत बोट दाखवलं. वर आभाळाकडे बोट केलं. एप्रनने वारा घातला. मग ते बोट हळूच खाली आलं आणि माझ्यावर थांबलं.

ईप्सिता भाषांतर करत गेली. "या खणात त्यांचे यजमान वर्षानुवर्षं चीज मुरवायचे. थंडीत काही नाही, पण ऊन पडलं की वास सुटतो, कपडे ठेवू नका. हे सगळं त्यांनी ह्याला सांगितलं होतं. चीज खायलासुद्धा दिलं होतं, की बाबा, हाच तो वास. आणि विचारलं, तरी हवंय का?"

अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या.

सासरेबुवांनी चष्मा काढला. "जावईबापू, तुम्ही काय म्हणालात?"

खोटं बोलता आलं असतं. पण मला फक्त खरं बोलायला सांगितलं होतं.

"गेनाऊ," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"अगदी बरोबर."

"तुम्हाला काही कळलं होतं का?"

"नाही."

"मग सांगायचं ना, कळलं नाही म्हणून."

"लाज वाटली, बाबा."

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि मादाम ओबेर्लेंना हात जोडले. "बाईंची बाजू खरी आहे. सांगून विकलेला दोष छुपा नसतो. दावा मी मागे घेतो."

हे भाषांतर ऐकून मादाम ओबेर्ले इतक्या हसल्या, की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. कायद्याने बांधील नसल्या तरी कपाट त्या परत घ्यायला तयार होत्या. सासरेबुवा मात्र हरलेल्या दाव्यात पैसे घ्यायला तयार होईनात. शेवटी मादाम ओबेर्लेंनी कोठारातून एक दुसरं कपाट बाहेर काढलं आणि अदलाबदल झाली. गुडघ्याएवढं, दोन फळ्यांचं, कोपऱ्यात अंग चोरून उभं राहणारं. बूट ठेवायचं कपाट. मला ते फार आवडलं, पण मी बोललो नाही.

परतीच्या वाटेवर र्‍हाइन आली तशी सासरेबुवांनी चिमूटभर तपकीर ओढली. मग म्हणाले, "साक्षीदार चांगला आहे. फक्त नेहमी समोरच्या बाजूचा निघतो."

दार सासूबाईंनी उघडलं. सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या, पडदे धुतलेले, फरशी पुसलेली. "या, या," त्या म्हणाल्या. "कपाट गेलं आणि घर कसं मोकळं झालं बघा. दिवसभर वासाचं नावसुद्धा नाही."

आम्ही आत आलो. मी नवं कपाट दाराशी ठेवलं आणि खाली वाकून बूट काढले.

सासूबाईंचा हात हळूहळू पदराकडे गेला. सासरेबुवांनी तपकिरीची डबी चाचपली. महिनाभर मी पाय धुतले होते. बुटांचा विचार कोणी केला नव्हता, मीसुद्धा. सासूबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एक नजर टाकली. अधिक संपला होता.

"श्रीरंगराव," त्या म्हणाल्या, "म्हणजे ते दोन्ही होतं."

मी ईप्सिताकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"पायांचं? कॅन्टीनमध्ये असल्यापासून," ती म्हणाली. "तू चहा घेऊन यायच्या आधी कळायचं, तू येतोयस."

"म्हणजे लग्नाच्या आधीपासून?" सासरेबुवांनी विचारलं.

"हो बाबा."

ते खुर्चीत टेकले. किती तरी दिवसांनी ती खुर्ची खिडकीपासून लांब होती. थोडा वेळ त्यांनी सगळ्या बाजूंनी विचार केला. "मग प्रश्नच मिटला," ते म्हणाले. "दोष उघड होता, माहीत असून घेतला, तक्रारीला जागा नाही. पोरगी चुकली नाही."

हेच ते वाक्य. तीन वर्षं ज्याची वाट बघितली ते वाक्य, शब्दशः. मी खाली वाकून त्यांच्या पाया पडलो. मग बूट उचलले, नव्या कपाटात नीट शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्ही दारं लावली.

सासूबाईंनी घराचं दार उघडलं आणि जिन्याकडे बोट दाखवलं.

"कपाटासकट," त्या म्हणाल्या.